फणसाचं लाकूड: ओंडक्यापासून पाटापर्यंत

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: साग आहे का? नाही म्हटलं की दुसरा: मग स्वस्तातलं काय आहे? या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात फणसाचं नाव घेणं मी सोडून दिलंय. स्वस्तातला साग म्हणून जो फणस नेतो तो त्याला सागासारखंच वागवतो. अर्धवट सुकलेला असतानाच कामाला लावतो, कडेचा पांढरा भाग तसाच ठेवतो आणि वर्षभरात रंग बदलला म्हणून तक्रार घेऊन येतो. फणसाचे स्वतःचे नियम आहेत. ते पाळले तर हे लाकूड पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात जुनी घरं उतरवताना खांब, चौकटी, देव्हारे आणि झोपाळ्याच्या फळ्या मी हाताळतो. त्यातलं फणसाचं लाकूड बहुतेक वेळा घरापेक्षा ठणठणीत निघतं.

हे सगळं मी बाबांच्या हाताखाली शिकलो. जे लिहितोय ते स्वतः काहीतरी करून बघणाऱ्यांसाठी आहे. दारात पडलेला फणस आहे, आजोळच्या घराचे वासे निघालेत किंवा गावाहून दोन फळ्या आणल्यात आणि त्यांचं काय करावं कळत नाहीये, अशांसाठी.

ओळख

ताज्या कापलेल्या फणसाचा गाभा पिवळाधमक असतो. त्याच्या भोवती फिकट, पांढरट भागाचं कडं असतं. झाड तरुण असेल तर हे कडं जाड आणि जुनं असेल तर पातळ. प्रकाश आणि हवा लागली की गाभ्याचा पिवळा रंग आधी सोनेरी होतो, मग मधासारखा आणि काही वर्षांनी तांबूस तपकिरी. जुन्या घरातला फणसाचा खांब बघून लोक सागाचा किंवा शिसवीचा म्हणतात तो यामुळेच. शंका असेल तर नजरेआडच्या जागी चाकूने थोडं खरवडा. तपकिरी पापुद्र्याखाली पिवळं निघालं तर फणस.

पिवळा म्हणजे फणसच असंही नाही. हेदूचं लाकूडही पिवळं असतं आणि वखारीत कधीकधी दोन्ही शेजारी शेजारी रचलेली असतात. हेदूचा पोत अगदी बारीक, हात फिरवला तर गुळगुळीत. फणसाच्या फळीवर मात्र मोठ्या छिद्रांच्या लांब रेघा नुसत्या डोळ्यांना दिसतात. दुसरा गोंधळ पातफणसाचा. तो त्याच कुळातला, सह्याद्रीच्या जंगलातला उंच सरळ वाढणारा वृक्ष. केरळात त्याला आंजिली म्हणतात आणि तिथल्या सर्पनौका त्याच्याच लाकडाच्या बनतात. तुम्हाला पातफणसाच्या फळ्या मिळाल्या तर नशीब समजा. पण पुढे मी जे सांगतोय ते आपल्या परसातल्या, खायच्या फणसाबद्दल, ज्याचं शास्त्रीय नाव आर्टोकार्पस हेटेरोफिलस. कापा की बरका, याने लाकडात फरक पडतो असं गावात सांगणारे पुष्कळ आहेत. माझ्या रंध्याखाली मला तो कधी जाणवलेला नाही. फरक पडतो तो झाडाच्या वयाने आणि ते कुठे वाढलं त्याने.

वजनाला फणस सागाच्या आसपास बसतो. सुकलेला घनफूट साधारण १६ ते १९ किलो भरतो. ताकद फर्निचरला, दारं-खिडक्यांना आणि चौकटींना पुरेशी. गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, बुरशीही लवकर धरत नाही. हे गुण गाभ्याचे आहेत, पांढऱ्या कडेचे नाहीत. हे वाक्य फणसाचं लाकूड घेणाऱ्या प्रत्येकाने खडूने वर्कशॉपच्या दारावर लिहून ठेवावं. पांढऱ्या भागात पिष्टमय पदार्थ असतात आणि पीठ पाडणारा किडा त्यासाठीच येतो. पिवळ्याकडे तो ढुंकून बघत नाही. "फणसाला किडा लागतो" असं जे सांगतात त्यांनी बहुधा पांढऱ्यासकट फळी लावलेली असते.

या लाकडाची कदर आपल्यापेक्षा दक्षिणेत जास्त झाली. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडातून कोरतात आणि तिला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातली एकांड वीणा तर संपूर्णपणे एकाच ओंडक्यातून काढतात. मृदंगाचं खोडही फणसाचं. कन्याकुमारी जिल्ह्यातल्या पद्मनाभपुरम राजवाड्यात, सगळ्यात जुन्या भागात, एकाच फणसाच्या खोडातून कोरलेला खांब आहे. त्यावरची वेलबुट्टी पाहिली की या लाकडात किती बारीक काम निघतं ते कळतं.

लाकूड आणायचं कुठून

माझी पहिली पसंती उतरवलेल्या घराच्या लाकडाला. ते पन्नास-साठ पावसाळे पाहून शांत झालेलं असतं. जे वाकायचं, तडकायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. घेताना तीन गोष्टी करा. भिंतीत किंवा जमिनीत गाडलेलं टोक पेचकसाने टोचून पाहा, तिथे कुजलेलं असलं तर तेवढं कापून टाकायच्या हिशोबाने भाव करा. कडेला बारीक भोकं आणि खाली पिठासारखी पूड दिसली तर तो पांढरा भाग आहे, तो जाणार असं धरून चला. आणि लोहचुंबक फिरवा. जुन्या लाकडात खिळे असतातच, डोकं तुटलेले तर दिसतही नाहीत. रंध्याच्या पात्याला एक खिळा पुरतो.

उभं झाड तोडायचं असेल तर आधी कागद. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत फणस आहे. आंबा, जांभूळ, ऐन, किंजळ हेही आहेत. स्वतःच्या परसातलं असलं तरी परवानगी काढावी लागते. वाहतुकीचे नियम वेगळे, तेही वन खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात एकाच फेरीत विचारून घ्या. आणि फळ देणारं झाड लाकडासाठी पाडू नका. म्हातारं झालेलं, वादळात उन्मळलेलं, घरावर झुकलेलं असेल तर गोष्ट वेगळी. कोकणात अशी झाडं दरवर्षी पडतात आणि त्यातली बरीचशी सरपणात जातात. जळणाच्या ढिगात पिवळा गाभा बघितला की माझा जीव तुटतो.

ओंडका विकत घेताना मोजणी समजून घ्या, कारण वखारवाला गोल ओंडका चौकोनी हिशोबाने मोजतो. मध्यावरचा घेर इंचात घ्यायचा, त्याला ४ ने भागायचं, आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणायचं आणि १४४ ने भागायचं. घेर ६० इंच, लांबी ८ फूट असेल तर १५ चा वर्ग २२५, गुणिले ८ म्हणजे १,८००, भागिले १४४ म्हणजे साडेबारा घनफूट. त्या ओंडक्याचं खरं आकारमान जवळजवळ सोळा घनफूट असतं. ही सूट साल आणि कडांच्या तुटीसाठी असते, म्हणून चढा भाव ऐकून लगेच बिचकू नका. पण फणसात पांढरा भागही जाणार असतो. तरुण ओंडका घेऊन मनासारखा माल हाती येत नाही. माझं साधं गणित असं की मोजलेल्या घनफुटांच्या निम्म्याच्या आसपास स्वच्छ पिवळी फळी मिळेल असं धरायचं.

कापणं आणि सुकवणं

ओंडका पडल्यावर दोन्ही तोंडांना त्याच दिवशी ऑइलपेंटचे किंवा वितळलेल्या मेणाचे दोन हात द्या. तोंडातून पाणी फार लवकर उडतं आणि तिथूनच चिरा सुरू होतात. ओल्या फणसाला चीक असतो, विशेषतः सालीखाली. तो करवतीच्या पात्यावर बसतो आणि करवत अडकते. साल आधी सोलून घेतली आणि पात्यावर अधूनमधून रॉकेलचं फडकं फिरवलं तर कापणी सुरळीत होते. हाताला लागला तर खोबरेल, फणस कापताना घरात लावतात तेच.

सॉमिलवाल्याला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. खोडाचा अगदी मधला बिंदू कुठल्याही फळीत येऊ देऊ नका, ती फळी तडकणारच. आणि जिथे जमेल तिथे वर्षवलयं फळीच्या रुंद पृष्ठाला काटकोनात येतील असं कापा. अशी फळी कमी वाकते, रुंदीतही कमी आकसते. लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच ते मध्याकडून सालीच्या दिशेने आकसतं. त्यातून फणसाच्या तंतूंच्या रेषा एका थरात एकीकडे, तर पुढच्या थरात दुसरीकडे झुकलेल्या असतात. त्यामुळे अशा कापणीत फळीवर आलटूनपालटून उजळ-गडद पट्टे उमटतात. पॉलिश केल्यावर त्यांना जी चमक येते ती फणसाची खासियत.

पांढरा भाग याच टप्प्यावर काढून टाकलेला उत्तम. नाइलाजाने ठेवायचाच असेल तर फळ्या ओल्या असतानाच बोरिक पावडर आणि टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात बुडवा. बोरिक एक भाग, टाकणखार दीड भाग, दोन्ही मिळून दहा लिटर पाण्यात अर्धा किलो. कोमट पाण्यात लवकर विरघळतं. ओल्या लाकडात हे द्रावण आत मुरतं, सुकलेल्यात वरवरच राहतं. पोळपाट किंवा काथवटीसारख्या खाण्याशी संबंध येणाऱ्या वस्तूंना हे लावू नका, तिथे नुसता गाभा वापरा.

रचताना जमिनीपासून हातभर उंच, सावलीत, वारा खेळेल अशा जागी रचा. दोन थरांमध्ये एक इंच जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर एक आणि सगळ्या एकाखाली एक, सरळ रेषेत. एक जरी पट्टी सरकली तर फळीला तिथे पोक येतो आणि तो पुढे जात नाही. वर वजन ठेवा. जांभे चिरे असले तर उत्तम. दिवाळीनंतर कापून मार्गशीर्षात रचलेली इंची फळी एक पावसाळा काढून त्यानंतरचा उन्हाळा संपताना कामाला घ्यावी, म्हणजे दीड वर्षाच्या आसपास. मधल्या पावसाळ्यात ती थोडं पाणी परत पिते, ते धरूनच हा हिशोब आहे. इंचाला एक वर्ष हा सर्वसाधारण नियम कोकणात जरा अपुरा पडतो.

लाकूड खरंच सुकलं का हे मीटरशिवायही कळतं. फळीच्या टोकापासून फूटभर आतला छोटा तुकडा कापा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. मग ओव्हनमध्ये १०० अंशांच्या थोडं वर ठेवा आणि दर काही तासांनी वजन करत राहा. वजन उतरायचं थांबलं की तुकडा पूर्ण कोरडा झाला. आधीचं वजन उणे नंतरचं, त्याला नंतरच्या वजनाने भागून शंभराने गुणायचं. २३० ग्रॅमचा तुकडा २०० ग्रॅमवर थांबला तर ओलावा १५ टक्के. मला फर्निचरसाठी १० ते १२ टक्के लागतो. आमच्याकडे पावसाळ्यात मोकळ्या शेडमधलं लाकूड १६ च्या खाली सहसा येत नाही. म्हणून शेवटचे काही आठवडे फळ्या घरात, बंद खोलीत आणून ठेवतो. वस्तू पुण्याला किंवा विदर्भात जाणार असेल तर आणखी वेळ देतो. कोकणात घट्ट बसलेला सांधा तिकडच्या चैत्र-वैशाखात सैल पडतो आणि दोष फणसाच्या माथी जातो.

हत्याराखाली

फणस कापायला आणि पटाशीने काढायला सोपा आहे. सागात सिलिका असते, ती पात्यांची धार खाते. फणसात तो त्रास मला कमी वाटतो. अडचण येते ती रंधा मारताना. झुकलेल्या रेषांमुळे एका दिशेने रंधा सुरेख चालतो आणि दोन बोटं पुढे गेल्यावर लाकूड उचकटून येतं. दिशा बदलली तर आधीचा चांगला भाग उचकटतो. उपाय असा: पातं अगदी ताजं धारदार, त्यावरची दुसरी पाती धारेच्या टोकाला जवळजवळ चिकटवलेली आणि निघणारी कात, म्हणजे लाकडाचा पापुद्रा, इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्राची अक्षरं दिसावीत. रंधा रेषेला थोडा तिरका धरून चालवा. शेवटचा हात स्क्रॅपरने. आमच्याकडे जुने कारागीर फुटलेल्या काचेच्या धारेने खरवडतात आणि ते काम सुंदर होतं. फक्त हातमोजे घाला.

मग पॉलिशपेपर ८०, १२०, १८० आणि २४०, कुठलाही नंबर न गाळता. फणसाचा भुसा हलका आणि झोंबरा असतो. मास्क लावल्याशिवाय घासू नका, हे दोन मिनिटांच्या कामालाही लागू.

खिळा किंवा स्क्रू मारण्याआधी गिरमिटाने भोक पाडून घ्या, सुका फणस टोकाजवळ फाटतो. लोखंडी स्क्रू शक्यतो टाळा. ओलाव्यात लोखंडाभोवती काळपट हिरवे डाग पडतात आणि ते घासून जात नाहीत. पितळी वापरा. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल उत्तम चालतो.

पाट करून बघा

पहिली वस्तू म्हणून पाट करा असं मी सांगेन. कोकणात बऱ्याच घरांतून नागपंचमीच्या सुमारास आपापला पाट गणपतीच्या शाळेत देतात आणि मूर्तिकार त्याच पाटावर मूर्ती घडवतो. म्हणजे वरून ओली माती, खालून कोरडी हवा, आणि ती कितीतरी दिवस. लाकडाची यापेक्षा कठीण परीक्षा घरात दुसरी नाही. या परीक्षेत फणसाचा नीट केलेला पाट उतरतो.

फळी २० इंच लांब, १६ इंच रुंद, १ इंच जाड. एकसंध १६ इंची पिवळी फळी मिळणं कठीण. आठ-आठ इंचाच्या दोन जोडल्या तरी चालतं. जोडताना दोन्ही कडा एकत्र पकडून रंधा मारा, मग उजेडासमोर धरा. फट दिसत असेल तर पुन्हा. शिकंजा लावून दाबलेली फट पुढे उघडतेच. दोन्ही फळ्यांचे पट्टे एकमेकांना जुळताहेत का ते चिकटवण्याआधीच फिरवून, उलटून बघा.

खालच्या दोन पट्ट्या हा पाटाचा जीव. त्या १४ इंच लांब, २ इंच उंच, सव्वा इंच जाड. पाटाच्या रेषेला आडव्या बसतात, म्हणजे पाट रुंदीत फुगणार आणि पट्टी लांबीत हलणार नाही. या दोघांना फेव्हिकॉल आणि चार स्क्रू मारून आवळलं तर पावसाळ्या-उन्हाळ्याच्या फरकात पाट मध्ये तडकणार. सोळा इंच रुंदीत एक-दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक पडतो, लहानसहान नाही. म्हणून डव्हटेलची, म्हणजे तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच करायची, जिच्यात पट्टी सरकवून बसते, पाटाला सपाट ठेवते, पण त्याची रुंदी अडवत नाही.

पाट उलटा ठेवा. दोन्ही टोकांपासून ४ इंचांवर गुण्याने रेषा मारा. खाच ३ सूत खोल, एका कडेकडून आत जाणारी, दुसऱ्या कडेच्या इंचभर आधी थांबणारी. खाचेच्या बाजू तळाकडे रुंद होत जाणाऱ्या, सुमारे ८० अंशांच्या. हा कोन हाताने धरता येत नाही. म्हणून एका जाड पट्टीची कड ८० अंशांत रंधून घ्या, ती रेषेवर शिकंज्याने पकडा आणि बारीक दातांची करवत तिला टेकवून चालवा. बंद टोकाशी आधी पटाशीने चौकोनी खड्डा करून ठेवला तर करवतीला थांबायला जागा मिळते. दोन्ही बाजू कापल्या की मधला भाग पटाशीने काढा. तळ सपाट आहे का ते स्टीलच्या पट्टीने पाहत राहा.

आता खरी युक्ती. खाच पट्टी शिरायच्या बाजूला सूतभर जास्त रुंद आणि बंद टोकाकडे अरुंद होत जाणारी ठेवा आणि पट्टीलाही तसाच उतार द्या. पट्टी तीन चतुर्थांश आत सहज सरकली पाहिजे आणि शेवटचे दोन-तीन इंच लाकडी हातोड्याने ठोकून बसली पाहिजे. सुरुवातीपासून घट्ट जात असेल तर बाजूचा एक पातळ पापुद्रा काढा, पुन्हा लावून बघा. घाई करू नका. सरस लावायचा नाही. पट्टीच्या मधोमध एकच पितळी स्क्रू, पाटाच्या वरच्या अंगाला टोक येणार नाही इतका आखूड. पाट त्या स्क्रूच्या दोन्ही बाजूंना मोकळेपणाने फुगतो आणि आकसतो.

कडा गोल करा, हाताला बोचता कामा नयेत. नक्षी करायची असेल तर ती कडेला. वरचं अंग सपाटच ठेवा, मूर्ती डगमगत नाही.

रंग आणि पॉलिश

फणसाच्या पिवळ्या रंगाच्या प्रेमात पडून तो तसाच राहावा म्हणून लोक वाटेल ते लावतात. राहत नाही. कुठलंही पॉलिश हा बदल थांबवू शकत नाही, फार तर लांबवतं. मला तर तो बदलतो तेच आवडतं. तुम्हाला गडद हवं असेल तर डाय लावू नका, घासलेली वस्तू काही दिवस उन्हात ठेवा, रोज उलटसुलट करून. रंग सगळीकडे सारखा उतरतो. नव्या टेबलावर पहिले काही महिने फुलदाणी किंवा कापड एकाच जागी ठेवू नका, खाली पिवळा ठसा राहतो. तो पुढे जुळतो, पण वेळ लागतो.

छिद्रं भरायची असतील तर हाच बदल लक्षात ठेवून भरा. पॉलिशवाले चॉक पावडर आणि पिवडी (पिवळी माती) कालवून भरतात आणि नव्या फणसावर ते अगदी जुळतं. वर्ष-दोन वर्षांत लाकूड तपकिरी होतं आणि त्या रेघा पिवळट ठिपक्यांसारख्या डोळ्यांत येतात. म्हणून मिश्रणात चिमूटभर गेरू जास्त घाला, आज थोडं गडद दिसलं तरी चालेल. रोजच्या वापराच्या वस्तूंची छिद्रं मी भरतच नाही. लाकूड लाकडासारखं दिसू दे.

पाटाला, देव्हाऱ्याला आणि झोपाळ्याला मी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, देतो. पहिला हात बेलतेल आणि टर्पेंटाइन सारखंच मिसळून, पुढचे दोन नुसत्या तेलाचे. प्रत्येक हातानंतर पंधरा-वीस मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा, नाहीतर चिकट थर बसतो. दोन हातांत किमान एक दिवस जाऊ द्या, दमट हवेत दोन. वरच्या अंगाइतकंच खालच्या अंगालाही लावा. एकाच बाजूला लावलेली फळी वाकते आणि पाट ओल्या मातीखाली असताना तर नक्कीच. तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. बेलतेल सुकताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. एकेक फडकं पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा.

चमक हवी असेल तर चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे. लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर विरघळू द्या, फडक्यातून गाळा आणि कापडात गुंडाळलेल्या कापसाने पातळ पातळ हात द्या. पट्ट्यांची चमक चपड्यासारखी दुसऱ्या कशाने खुलत नाही. पण चपड्याला पाणी आणि गरम भांडं सोसत नाही, म्हणून जेवणाच्या टेबलाला नको. पोळपाटाला काहीच लावू नका. लावायचंच तर शुद्ध मधमाश्यांचं मेण गरम करून चोळा. घराबाहेरच्या वाशांना आमच्याकडे काजूच्या टरफलांचं काळं तेल लावतात. किडीला ते जबरदस्त, पण कातडी भाजून काढतं. रबरी हातमोज्यांशिवाय त्या डब्याला हात लावू नका.

आणि फणस कुठे लावू नये तेही सांगतो. जमिनीत गाडायचा खांब, गडग्याचं फाटक, सतत भिजणारी जागा, इथे ऐन किंवा खैर घ्या. फणस तिथेही बरीच वर्षं काढेल, पण इतका देखणा गाभा चिखलात घालण्यात अर्थ नाही.

उरलेला भुसा

पिवळ्या गाभ्याचा भुसा आणि काती टाकू नका. त्यात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं. आग्नेय आशियात आणि श्रीलंकेत बौद्ध भिक्खूंची चीवरं याच लाकडाच्या काढ्यात रंगवत आले आहेत. घरी करायचं तर कापडाच्या वजनाइतका कोरडा भुसा रात्रभर पाण्यात भिजत घाला, दुसऱ्या दिवशी तासभर उकळा आणि गाळून घ्या. पांढरं सुती कापड आधी धुऊन खळ काढा, मग तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास ठेवा. शंभर ग्रॅम कापडाला पंधरा-वीस ग्रॅम तुरटी पुरते. ते पिळून काढ्यात घाला, मंद आचेवर अर्धा-पाऊण तास हलवत राहा आणि त्यातच गार होऊ द्या. भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत रंग मेंदीसारखा हिरवट होतो, तसा हवा असेल तर मुद्दाम तीच घ्या. कापड सावलीत वाळवा आणि पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा. पांढऱ्या कडेचा भुसा मिसळला तर रंग फिका येतो, तेव्हा तो आधीच बाजूला काढून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला.